रबाळ्यातला लेथ कारखाना: भाव युरोत, पगार नाक्यावर

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कुठल्याही लहान कारखानदाराशी पाच मिनिटं बोललं की "माणसंच मिळत नाहीत" हे ऐकू येतं. हे प्रकरण त्या तक्रारीची तपासणी आहे. कारखाना रबाळे एमआयडीसीतला. तो एका पत्त्यावर सापडणार नाही. या पट्ट्यातल्या निर्यात करणाऱ्या लेथवाल्यांची जी सर्वसाधारण ठेवण असते तिच्यावरून तो बेतला आहे, आणि त्याचे पगार, नग, तास हे आकडे हिशेब मांडण्यासाठी धरले आहेत. कायद्यातल्या मर्यादा, दर आणि तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

स्टेनलेस स्टीलच्या हायड्रॉलिक फिटिंग्ज हा माल. दहा सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, दोन पाळ्या, एकूण ४८ माणसं: २० ऑपरेटर, ३ सेटर (नव्या जॉबसाठी मशीन जुळवणारे), ४ तपासणीवाले, एक प्रॉडक्शन मॅनेजर, एक मेंटेनन्सवाला, ऑफिसात ५, शिकाऊ २ आणि डीबरिंग (नगाच्या कडा घासणं) व पॅकिंगला ठेकेदाराची १२. माल न्हावा शेवाहून युरोपात जातो. भाव युरोत, वर्षभरासाठी बांधलेला. कच्च्या मालाची चढउतार तेवढी वेगळी धरली जाते.

दोन्ही भाव बाहेरचे

नॉर्वे, आयर्लंड, सिंगापूर यांना अर्थशास्त्रात छोट्या खुल्या अर्थव्यवस्था म्हणतात. जगाच्या बाजारात भाव ठरतो, तो त्यांनी मुकाट घ्यायचा. रबाळ्याच्या कारखान्याची गत तीच, उलट जास्त अवघड. नॉर्वेला स्वतःचं चलन आहे, सीमा आहे, देशभरचे पगाराचे करार आहेत. इथे यातलं काहीच नाही. मालाचा भाव जर्मनीतला गिऱ्हाईक ठरवतो आणि ऑपरेटरचा पगार भिवंडीची गोदामं, चाकणचे वाहन-पुरवठादार, आखातातली भरती, पार्सल पोचवणारी ॲप आणि गल्लीपलीकडचा शेजारी मिळून ठरवतात. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून उलव्याच्या बाजूची ओढही त्यात मिसळली आहे. ऐरोली-महाप्याच्या डेटा सेंटरांचा मात्र उगाच बाऊ केला जातो. इमारत उभी राहिली की तिथे इलेक्ट्रिशियन, एसीवाले आणि सुरक्षारक्षक लागतात. टर्नर लागत नाही.

नॉर्वेच्या ऑड आउक्रुस्त यांनी १९६०च्या दशकात मांडलेला एक विचार इथे उलटा करून पाहण्यासारखा आहे. परदेशी स्पर्धेला तोंड देणारे उद्योग जगाच्या भावाप्रमाणे आणि आपल्या उत्पादकतेप्रमाणे जेवढा पगार देऊ शकतात तेवढा आधी ठरतो, आणि देशातल्या देशात चालणारे धंदे त्याच्यामागून जातात, असं त्यांचं म्हणणं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात क्रम बदलतो. गोदाम, घरपोच सेवा, बांधकाम, सुरक्षा यांचे पगार आधी वाढतात, कारण तो खर्च इथल्याच गिऱ्हाइकाकडून काढता येतो. निर्यातदाराला त्यांच्या मागे जावं लागतं आणि त्याचा भाव तर युरोत गोठलेला. या दोन भावांच्या मधली जागा, म्हणजे एका नगाला लागणारी मिनिटं, सेटिंगचा वेळ आणि रिजेक्शन, एवढीच मालकाच्या हातात उरते.

हजेरीबुकातून निघालेलं निदान

पहिलं काम म्हणजे वर्षभरात सोडून गेलेल्यांची यादी काढून प्रत्येकासमोर नोकरीचे महिने लिहिणं. या कारखान्यात २० ऑपरेटरांच्या जागांवर वर्षात १७ जण गेले. त्यांतले तीन पहिल्या पंधरा दिवसांत, अकरा सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान आणि तीन त्यानंतर.

पंधरा दिवसांत जाणाऱ्याला काम, कूलंटचा वास, उभं राहणं किंवा दुसऱ्या पाळीनंतरचा घरचा रस्ता झेपलेला नसतो. सहा ते चौदा महिन्यांत जाणारा शिकून गेलेला असतो. मशीन हाताळता येऊ लागलं की बाहेर त्याची किंमत दोन-अडीच हजारांनी वाढते; कारखान्यात ती पुढच्या एप्रिलच्या पगारवाढीपर्यंत आहे तीच राहते. म्हणजे माणसं मिळत होती, शिकत होती आणि नेमकी शिकल्यावर जात होती. कुठल्याही कारखान्यात चालणारं कौशल्य मालक स्वतःच्या खर्चाने शिकवायला तयार नसतो, असं गॅरी बेकर यांनी १९६०च्या दशकातच मांडलं होतं. सीएनसी ऑपरेटरचं कौशल्य अगदी त्याच जातीचं: मशीनचा कंट्रोल तोच, मापं जुळवायचं ऑफसेटचं पान तेच, फक्त गेटवरची पाटी बदलते.

एका जाण्याचा खर्च असा येतो. मशीनचा तासाचा दर ₹४००, एका पाळीत महिन्याला प्रत्यक्ष कापणीचे १८० तास, म्हणजे ₹७२,०००. नवा माणूस पहिल्या महिन्यात ६० टक्के, दुसऱ्यात ८० टक्के, तिसऱ्यात ९० टक्के उत्पादन देतो. तूट एका महिन्याच्या ७० टक्के, म्हणजे ₹५०,४००. पहिल्या दोन महिन्यांत दरमहा ३,००० नगांवर चार टक्के जादा रिजेक्शन, २४० नग, ₹६०च्या हिशेबाने ₹१४,४००. जादा तुटलेले वीस इन्सर्ट (टूलची कापणारी बदलती टोकं), ₹४५० दराने ₹९,०००. बेरीज ₹७३,८००. मशीन एका पाळीत बारा दिवस बंद राहिलं तर आणखी सुमारे ₹३३,०००. ती पाळी ओव्हरटाइमने भरून काढली तर कायद्याप्रमाणे दुप्पट दर.

सतरा जणांचा गुणाकार करून अठरा लाखांचा आकडा सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. मशीनचा वाया गेलेला तास तेव्हाच नुकसान ठरतो जेव्हा त्या तासासाठी ऑर्डर हातात असते. सावधपणे याच्या निम्मे धरले तरी पुढचा निर्णय बदलत नाही.

आधी केलेले तीन उपाय का फसले

पहिला उपाय बाँडचा. दोन वर्षं राहण्याचा करार आणि आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र ऑफिसात जमा. प्रमाणपत्र अडकवून ठेवणं गैर तर आहेच, शिवाय ही बातमी वसतिगृहांत आणि व्हॉट्सॲप गटांत आठवड्यात पसरते आणि चांगली मुलं गेटवर यायची थांबतात. दुसरा उपाय दिवाळीला 'टिकून राहिल्याचा' बोनस. परिणाम एवढाच की सोडून जाण्याचा महिना ऑक्टोबरवरून नोव्हेंबरवर गेला. तिसरा, सरसकट पंधराशेची वाढ. शेजाऱ्याने महिन्याभरात तेवढीच दिली आणि फरक पुसला गेला. खुल्या बाजारात सरसकट वाढीचं असंच होतं, कारण ती पाहून शेजाऱ्याला नक्कल करायला एक दिवस लागतो. कोण काय शिकला याची नक्कल तेवढ्या वेळात होत नाही.

पाच पायऱ्या

सिंगापूरने सफाई कामगारांसाठी आणलेल्या पायरीपायरीच्या वेतनपद्धतीत पगार कौशल्याला बांधला आणि २०१४पासून ती सफाई कंपन्यांना परवान्याची अट केली. तिथे सरकार पाठीशी होतं, त्यामुळे सगळ्या कंपन्यांना एकदम वर चढावं लागलं. रबाळ्यातल्या एकट्या कारखान्याला तो जोर नाही, पण मांडणी उचलता येते.

पहिली पायरी, ₹१७,०००: जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमध्ये नीट बसवणं, काढणं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मोजणं, तासाचा तक्ता भरणं. दुसरी, ₹१८,३००: इन्सर्टची कड फिरवणं किंवा बदलणं, झिजेप्रमाणे वेअर ऑफसेट देणं, थ्रेडला गो आणि नो-गो गेज लावणं. तिसरी, ₹२०,०००: ड्रॉइंग वाचून पहिला नग स्वतः पास करणं आणि त्याचा अहवाल लिहिणं. चौथी, ₹२२,८००: सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) बोअर करण्यापासून टूल लावून वर्क ऑफसेट घेण्यापर्यंत पूर्ण सेटिंग, पहिला नग ९० मिनिटांत. पाचवी, ₹२७,०००: प्रोग्राममध्ये दुरुस्ती आणि सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, कमी करून दाखवणं. याच्या वर सेटर, ₹३२,०००पासून.

तक्ता मराठीत आणि हिंदीत गेटजवळ लावायचा, आकड्यांसकट. परीक्षा मशीनवरच, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. सेटर आणि तपासणीवाला, दोघांच्या सह्या. पास झाल्यावर वाढ लगेच पुढच्या पगाराच्या चिठ्ठीत. एप्रिलपर्यंत थांबवली तर सगळा खटाटोप वाया, कारण शेजारी एप्रिलपर्यंत थांबत नाही.

वीस ऑपरेटरांवर सरासरी ₹२,५००ची वाढ धरली तर वर्षाला सहा लाख, वर पीएफ वगैरे. ती कुठून भरायची? माणसं टिकतील आणि त्यातून वाचेल, या आशेवर नाही. आठवड्याला प्रत्येक मशीनवर तीन सेटिंग, म्हणजे ३०. प्रत्येक सेटिंग १५० मिनिटांवरून ९०वर आली तर आठवड्याला ३० तास मोकळे, ₹१२,०००. वर्षाचे ५० आठवडे धरले तर सहा लाख. शिवाय लहान बॅच घेता येतात, आणि युरोपातल्या गिऱ्हाइकाकडून नगामागे चांगला भाव मिळतो तो लहान बॅचलाच. माणसं टिकली तर तो वरचा नफा.

रुपया घसरून युरोत जास्त पैसे आले तर ते या पायऱ्यांत मिसळू नयेत. दिवाळीला वेगळी रक्कम म्हणून, कारण सांगून द्यावेत. युरो खाली आला की पायरी खाली आणता येत नाही.

एकवीस हजारांची फट

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेची, सध्याची पगाराची मर्यादा महिना ₹२१,०००. वर्गणी कामगाराची पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. ₹२०,५०० मिळवणाऱ्याला हजाराची वाढ दिली की तो मर्यादेबाहेर जातो, आणि घरच्या चौघांचा दवाखाना सुटतो. कामगार हे बरोबर जाणतो. म्हणून काही जण वाढ नाकारतात किंवा "ओटीत द्या" म्हणतात. मागणी अडाणीपणाची नाही: मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत.

म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत २०,००० ते २२,८०० अशी मोठी उडी ठेवली आहे. ती टप्प्याटप्प्याने दिली तर बिघडेल. वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च; कालखंड सुरू झाल्यावर मर्यादा ओलांडली तर तो संपेपर्यंत माणूस योजनेत राहतो. तेव्हा चौथ्या पायरीची वाढ एप्रिल किंवा ऑक्टोबरऐवजी मे किंवा नोव्हेंबरपासून लागू करावी आणि मधल्या महिन्यांत कुटुंबाचा गट-मेडिक्लेम काढून ठेवावा. ₹२०,०००वर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे वर्षाला ₹७,८०० वाचतात. हप्त्याचा बराच भाग त्यातून निघतो, उरलेला कारखान्याने घालावा. बाळंतपण जवळ आलं असेल किंवा घरात मोठं आजारपण चालू असेल तर तारीख त्या माणसाला विचारूनच ठरवावी.

मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे ठेवून मर्यादेखाली राहण्याची जुनी चलाखी आता हवी तेवढी ताणता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांत भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरतात. सोडून जाणाऱ्याचा हिशेबही दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. "पुढच्या सात तारखेला ये" म्हणायची सोय गेली.

सेटर शिकवत नाही

कागदावर पाच पायऱ्या उभ्या राहिल्या तरी तिसरीवर गाडी अडते. कारण सेटर. दहा मशीनला तीन सेटर, त्यामुळे त्यांचा महिन्याला आठ-दहा हजारांचा ओव्हरटाइम ठरलेला. चार ऑपरेटर सेटिंग शिकले की तो जातो. मग टूलची उंची घेताना तो अंग आडवं घालतो, प्रोग्रामची वही खिशात ठेवतो आणि "अजून कच्चा आहे" म्हणून सही नाकारतो. याला स्वभावदोष म्हणणं सोपं आहे, पण घराचा हप्ता ओव्हरटाइमवर बांधलेला माणूस दुसरं काय करील?

उपाय पैशाचाच आहे. सहा महिने सेटरला मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी ओव्हरटाइमइतकी रक्कम शिकवणी भत्ता म्हणून बांधून द्यायची. शिकवलेला माणूस चौथी पायरी पास होऊन तीन महिने टिकला की प्रत्येकी ₹३,००० वेगळे. सेटिंगचा कागद, म्हणजे कुठला टूल कुठल्या स्टेशनवर, किती बाहेर, कुठला जॉ, प्रत्येक जॉबसाठी मशीनवरच लावलेला. वही खिशातून बाहेर यायला ही एकच वाट आहे. सहा महिन्यांनंतर सेटरला सायकल टाइम आणि नव्या नगांच्या विकासाचं काम द्यावं, नाहीतर तो रिकामा होऊन शेजाऱ्याकडे जाईल आणि हे सगळं तिथे उभं करील.

प्रॉडक्शन मॅनेजरही आडवा येतो, वेगळ्या कारणाने. हात बसलेल्या पोराला तो वेगवान जॉबवर चिकटवून ठेवतो, कारण कंटेनर शुक्रवारी भरायचा असतो. म्हणून सगळ्यात जुनं मशीन आठवड्यातून चार तास शिकवण्यासाठी राखून ठेवायचं आणि ते तास नियोजनातूनच वगळायचे. मॅनेजरच्या मर्जीवर सोडले तर महिनाभरात ते नाहीसे होतात.

आठ वर्षं झालेले, ₹१९,५०० घेणारे आणि दुसऱ्या पायरीचंच काम करणारे दोघे-तिघे प्रत्येक कारखान्यात असतात. त्यांचा पगार कमी करायचा नाही; वरचे ₹१,२०० 'वैयक्तिक वेतन' म्हणून चिठ्ठीत वेगळे दाखवायचे. नव्या पोरांसमोर परीक्षा द्यायची लाज हा त्यांचा खरा अडसर असतो, तेव्हा त्यांची परीक्षा वेगळ्या वेळी घ्यावी. ड्रॉइंग वाचता न येणारा, म्हणजे तिसऱ्या पायरीवरच अडणारा माणूस हाताने उत्तम सेटिंग करतो, असंही आढळतं.

नवी माणसं कुठून

या कारखान्यात ३० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, म्हणून शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे: ठेकेदाराची धरून एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. ४८ला ते दोन ते सात पडतात. कारखान्यात दोनच आहेत, आणि तेही पॅकिंगवर. सातपर्यंत जायला जागा आहे. टर्नर आणि मशिनिस्ट हे आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे. त्यांतून आलेल्याला लेथवरच ठेवायचं, परीक्षा जवळ आली की थिअरीला वेळ द्यायचा. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ₹१,५००, थेट उमेदवाराच्या खात्यात जातात. यांना पीएफ-ईएसआयसी लागू नाही, म्हणून स्वस्त हमाल समजून वापरण्याचा मोह होतो. असा वापरलेला मुलगा वर्ष संपताच जातो आणि त्याच्या आयटीआयतली पुढची तुकडी येत नाही.

दुसरी न वापरलेली जागा मुलींची. ऐरोली, घणसोली, दिव्यातून आलेल्या मुली डीबरिंग आणि तपासणीत असतात, मशीनवर नाही. फिटिंगचा जॉब हातात मावेल एवढा. वजनाची सबब इथे लागू पडत नाही. अडचण असते ती स्वच्छतागृहाची आणि पाळीच्या वेळेची. पहिली पाळी सात ते साडेतीन ठेवली तर ट्रान्स-हार्बरवरून ये-जा सोपी. दुसरी मध्यरात्री बारापर्यंत जात असेल तर ती अर्धा-एक तास अलीकडे ओढावी आणि कळवा-मुंब्र्याकडे कारखान्याची गाडी सोडावी. पहिल्या पंधरा दिवसांत गेलेल्या तिघांचं कारणही बहुधा याच गाडीशी निघेल.

सुट्ट्यांचं कॅलेंडर हा वेगळा विषय, आणि लहान कारखान्यात तो फार कमी लिहून ठेवतात. कोकणातली माणसं गणपतीला जातात, उत्तर प्रदेश-बिहारची छठला. दोन्हींत साधारण दोन महिन्यांचं अंतर, त्यामुळे मिसळ असलेली पाळी एकदम रिकामी होत नाही. फाल्गुनात मात्र शिमगा आणि होळी एकाच आठवड्यात येतात आणि दोन्ही बाजूंची माणसं एकदमच उठतात. त्या आठवड्यात युरोपच्या डिस्पॅचची तारीख कबूल करू नये, मशीनची वार्षिक देखभाल तेव्हाच उरकावी. जाणाऱ्याला उचल देताना परतीच्या तिकिटाची तारीख विचारून घेतली की निम्मी काळजी कमी होते.

उरलेली बारा

ठेकेदाराची बारा माणसं या पायऱ्यांत कुठेच नाहीत, आणि ही या आराखड्यातली सर्वांत कच्ची बाजू आहे. त्यांना किमान वेतन मिळतं, विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो तेवढीच वाढ. मालकाला ही सोय स्वस्त वाटते, पण ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते, ईएसआयसीचंही तसंच. तेव्हा बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याची पीएफ-ईएसआयसी भरल्याची पावती (चलन) आणि त्यासोबतची नावांची यादी मागावी. पीएफची मुदत दर महिन्याची १५ तारीख असते, म्हणून ठेकेदाराचं बिल १६च्या आधी हाती घेऊ नये. यादीतली नावं गेटवरच्या हजेरीशी जुळवावीत. बारा माणसं आणि नऊ नावं, असं निघण्याची शक्यता भरपूर. आणि डीबरिंगच्या टेबलावर नगाचा दोष डोळ्याने ओळखणारी एखादी मुलगी दिसली तर तिला ठेकेदाराकडून काढून पहिल्या पायरीवर कारखान्याच्या हजेरीबुकात घ्यावी. चक, व्हर्नियर आणि तासाचा तक्ता तिला कुठल्याही नव्या मुलाच्या आधी जमतो.